‘इंजुअर’ : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

आगगाडी रुळांवरून घसरली कीं दुसऱ्या दिवशीं इंग्रजी वर्तमानपत्रांत अमुक इतकीं माणसें ‘इंजुअर्ड’ झालीं असें छापून येतें. वाचणारा मनाशीं म्हणतो, जखमी झालीं. अर्थ बरोबर आहे. परंतु ह्या क्रियापदाच्या मुळाशीं जखमही नाहीं आणि रक्तही नाहीं. तेथें आहे न्याय, किंवा नेमकें बोलावयाचें तर न्यायाचा अभाव.

लॅटिन भाषेंत ‘यूस’ म्हणजे हक्क, न्याय, कायदा. ‘जस्टिस’ आणि ‘ज्यूरी’ हे शब्द त्याच कुळांतले. त्यास नकारार्थी ‘इन्’ लागून ‘इन्यूरिआ’ हें नाम झालें. आपल्या ‘अन्याय’ शब्दाची घडणही अशीच. तें फ्रेंचमधून इंग्रजींत ‘इंजुरी’ होऊन आलें, आणि त्या नामावरून मागाहून क्रियापद पाडण्यांत आलें. फ्रेंचांत तर हा शब्द आज शिवी, अपशब्द ह्या अर्थानें चालतो. मराठींतील ‘इजा’ ऐकून कोणी दोहोंचें नातें जोडूं पाहील, तर तो श्रम व्यर्थ होय. ‘इजा’ अरबींतून आली. रोमाशीं तिची ओळखही नाहीं.

रोमांत इ. स. पू. ४५० च्या सुमारास ‘बारा पट्टांचा कायदा’ झाला. त्यांत किरकोळ ‘इन्यूरिआ’बद्दल २५ आस, म्हणजे तांब्याचीं नाणीं, असा दंड होता. काळ लोटला, नाण्याची किंमत उतरली, दंड मात्र तोच राहिला. ऑलस गेलिअस ह्या ग्रंथकारानें पुढची गोष्ट नोंदवून ठेविली आहे. लूकिअस वेराटिअस नांवाचा एक उन्मत्त गृहस्थ रस्त्यानें चालतांना भेटेल त्या स्वतंत्र नागरिकाच्या थोबाडींत भडकावी. मागून त्याचा गुलाम पैशांची थैली घेऊन येई आणि ज्यानें चपराक खाल्ली त्याच्या हातावर २५ आस मोजून ठेवी. कायदा पाळला गेला, आणि न्यायाची थट्टा झाली! अखेर ठराविक दंडाची रीत सोडून, प्रत्येक अपमानाचें मोल पंचांनीं ठरवावें असें प्रीटरांना जाहीर करावें लागलें.

नुकसान निराळें आणि अन्याय निराळा, हा भेद इंग्रजांच्या न्यायालयांनीं फार काटेकोरपणें सांभाळला. १४१० सालीं ग्लॉस्टर येथें जुन्या शाळेच्या शेजारीं दुसऱ्या एका शिक्षकानें शाळा काढली. जुन्या पंतोजींची त्रैमासिक फी ४० पेन्सांवरून १२ पेन्सांवर आली, आणि त्यांनीं फिर्याद केली. ती निकालांत निघाली. हँकफर्ड न्यायाधीशांनीं गिरणीचा दाखला दिला : शेजाऱ्यानें दुसरी गिरणी घातली आणि पहिल्याचें उत्पन्न घटलें, तर दाद नाहीं, पण त्यानें पहिल्या गिरणीकडे येणारें पाणी अडविलें, तर दाद आहे. शिक्षकी पेशाच्या लोकांना हा निकाल कडू वाटेल. तरी शिकविण्याचा मक्ता कोणाकडेच नसतो, हें नाकारतां येत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट खटला १७०३ चा. ऐल्सबरीच्या मॅथ्यू ॲश्बी नांवाच्या मतदाराला व्हाइट ह्या कॉन्स्टेबलानें मत देऊं दिलें नाहीं. ज्यास तो मत देणार होता तो उमेदवार निवडून आलाच. मग बिघडलें काय? सरन्यायाधीश होल्ट म्हणाले, हक्क बुडाला एवढेंच पुरे आहे. सहकारी न्यायाधीश त्यांच्या विरुद्ध गेले. परंतु लॉर्डांच्या सभेनें होल्ट यांचेंच मत उचलून धरलें, आणि ॲश्बीला पांच पौंड मिळाले. पैची तूट नसतांही तो ‘इंजुअर’ झालेला होता.

व्यवहारांत हा अर्थ झिजून गेला, कायद्यांत टिकला. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ४४ व्या कलमाप्रमाणें शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांस बेकायदा पोंचविलेला कोणताही अपाय ती ‘इंजुरी’. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिनेंही ही व्याख्या कायम राखली आहे. निव्वळ शारीरिक वेदनेसाठीं दोन्ही कायद्यांनीं ‘हर्ट’ हा निराळा शब्द योजिला आहे.