तंजावरच्या संग्रहालयात जाण्यापूर्वी

(हीरक महोत्सवी वर्षातील शैक्षणिक सहलीच्या पूर्वसंध्येला विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



उद्या आपली सहल तंजावरला निघत आहे. बृहदीश्वराचे भव्य मंदिर पाहून तुमचे डोळे दिपतील, यात शंका नाही. परंतु राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालयाला जोडून एक छोटेसे संग्रहालय आहे. ते घाईने पाहू नका, एवढे सांगण्यासाठी मी उभी आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे आपल्या याच बंगळूरहून तंजावरला गेले आणि सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य उभे राहिले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी एकत्र नांदतात. घरी मराठी आणि रस्त्यावर कन्नड बोलणाऱ्या तुम्हांला हे नवल वाटू नये.

सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी दूरदूरचे ग्रंथ जमविले. ताडपत्रांवरील पोथ्या, तंजावर शैलीची चित्रे, युरोपातून आणविलेली पुस्तके तुम्ही पाहालच. या राजाने नेत्ररुग्णांवरील उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. देवनागरी छापखाना काढून इसापच्या कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापविले, तेही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात.

ग्रंथालयात मोडी लिपीतील दप्तरही जतन केलेले आहे. कागद शाबूत आहेत. ते वाचू शकणारे मात्र फार थोडे उरले आहेत. संग्रहालय वस्तू सांभाळते, परंतु वाचक घडविणे त्याच्या हाती नसते. ते काम शाळेचे. महाराष्ट्राबाहेर मुलांना मराठी शाळेत का घालावे, असे पालक मला दरवर्षी विचारतात. नोकरीच्या बाजारात या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, हे मी जाणते. पण वाचणारे संपले की आपलेच घर आपल्याला परके होते, याचा पुरावा त्या दप्तरात आहे.

म्हणून एकच गृहपाठ देते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे. तो देवनागरीत आहे; तुम्हांला वाचता येईल. त्याच्या निदान चार ओळी स्वतः वाचा आणि न कळलेले शब्द वहीत उतरवून आणा. परतल्यावर ते आपण वर्गात मिळून सोडवू.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.