पाणी सोडणाराच पाणी तपासणार काय?

(गांवच्या शाळेंत ग्रामसभेपूर्वीं भरलेल्या पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण.)



आजच्या सभेंत मुलांच्या अभ्यासाविषयीं बोलावें, असें आमंत्रणांत लिहिलें आहे. मी अभ्यासाविषयींच बोलणार आहें. पण ज्या पोराच्या पोटांत कळ येते तें पोर पाढे म्हणत नाहीं, म्हणून आधीं पाण्याविषयीं बोलतों. येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तेथें आपण काय मागावयाचें हें ठरवूनच येथून उठावें, एवढीच माझी विनंति आहे.

'सार्वजनिक पाणी' हे दोन शब्द आपल्या मुलखांत कोणीं फुकट दिलेले नाहींत. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. १९२३ सालच्या ऑगस्टांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मंजूर करून घेतला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबर हजारों लोक महाडास चवदार तळ्याचें पाणी प्याले. आणि त्या तळ्याचा हक्क हायकोर्टांत कायम व्हावयास १९३७ साल उजाडलें. ठराव कागदावर आणि पाणी ओंजळींत, या दोहोंमध्यें चौदा वर्षें गेलीं! यांतला बोध आपण विसरूं नये. कागदावरचा नियम आपल्या पायांनीं चालत घागरींत येत नाहीं. त्याला आणावें लागतें.

आमच्या आजोबा-पणजोबांनीं घागर भरण्याचा हक्क मिळविला. आतां त्या घागरींत काय आहे हें जाणण्याचा हक्क आपण घ्यावयाचा आहे.

तुम्ही म्हणाल, मास्तर, पाणी तर स्वच्छ दिसतें, मग तपासावयाचें काय? मी तुम्हांला विचारतों, डेअरीवर दूध घालतांना तुम्ही काय करतां? दूध पांढरें दिसतें एवढ्यावर कोणी पैसे घेऊन घरीं जातो काय? फॅट लागली किती, हें पाहिल्याशिवाय कोणी हलत नाहीं. एक पॉइंट कमी लागला तर डेअरीवाल्याशीं भांडण होतें. बाजारांत कांटा खरा कीं खोटा, हें दुकानदाराच्या शपथेवर सोडलेलें नाहीं. वजनमापांचा निरीक्षक येऊन त्यावर शिक्का मारतो. दुधाला फॅट, धान्याला कांटा, कापसाला ओलावा! आणि जें पाणी रोज उठून लेकराच्या तोंडाला लावतों, त्याला मात्र 'दिसतें तर बरें' एवढीच परीक्षा!

पाण्याचेंहि माप ठरलेलें आहे. भारतीय मानक ब्यूरोनें तें आय. एस. १०५०० या क्रमांकानें छापलें असून सध्यांची आवृत्ति २०१२ सालची आहे. १०० मिलिलिटर पाण्यांत, म्हणजे अर्ध्या पेलाभर पाण्यांत, ई. कोलाय हा विष्ठेंतला जंतु एकहि सांपडतां कामा नये. नायट्रेट लिटरमागें ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावें. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावें, आणि दुसरा झराच नसेल तर फार तर दीडपर्यंत चालवून घ्यावें. पाणी क्लोरीननें शुद्ध केलें असेल, तर नळाशीं लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक उरलें पाहिजे. परंतु माप छापणें निराळें आणि मापानें मोजणें निराळें. नळाचें पाणी या मापांत बसलें नाहीं म्हणून पुरवठा करणाऱ्यावर आपोआप खटला होईल, असा सक्तीचा कायदा आपल्या देशांत या मानकामागें उभा नाहीं. अमेरिकेंत १९७४ सालीं असा कायदा झाला, आणि १९९६ च्या दुरुस्तीनंतर तेथील प्रत्येक नळयोजनेला आपल्या पाण्याचा अहवाल दरवर्षीं गिऱ्हाइकांस द्यावा लागतो. तरीसुद्धां २०१४ सालीं फ्लिंट शहरांत नदीचें पाणी नळांत सोडलें, जुन्या नळांतलें शिसें पाण्यांत उतरलें, आणि अधिकारी महिनोन् महिने 'पाणी ठीक आहे' असेंच सांगत राहिले. आया घाण पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांत उभ्या राहिल्या, एका बालवैद्य बाईनें मुलांच्या रक्तांतलें शिसें मोजून दाखविलें, तेव्हां सरकारचे डोळे उघडले. कायदा असून ही गत. कायदा नसेल तेथें लोकांनीं किती जागें असावें!

तपासणीनें काय होतें, याचा दाखला १८९२ सालच्या जर्मनींत मिळतो. हँबुर्ग आणि आल्टोना हीं दोन शहरें एकमेकांस लागून, एकाच एल्बे नदीचें पाणी पिणारीं. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हँबुर्गची घाण पोटांत घेतलेलें पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना तें पाणी वाळूंतून गाळून देत असे. श्रीमंत हँबुर्ग न गाळतां देत असे. पटकी आली तेव्हां हँबुर्गांत आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं आणि आल्टोना बहुतेक वांचलें. शहरांच्या हद्दीवरच्या एकाच रस्त्याला या बाजूला मरण व त्या बाजूला जीवन, असें झालें. नुसतें गाळून भागत नाहीं, गाळलेलें पाणी रोज तपासलेंहि पाहिजे, असा आग्रह त्यानंतर रॉबर्ट कॉखनें धरला.

हें परदेशचें आणि जुनें झालें, असें म्हणूं नका. २०२५ च्या जानेवारींत पुण्यास सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी या भागांत, माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले. गियाँ-बारे असें त्या आजाराचें नांव. संशयित रोगी दोनशेंहून अधिक झाले. कित्येक रोग्यांच्या शौचांत दूषित अन्नपाण्यांतून येणारे जंतु सांपडले, आणि विहिरीच्या पाण्याकडे सर्वांचें लक्ष गेलें. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघराच्या वेशीवर हें घडलें, तर आपल्या टाकीची काय कथा?

आतां आपल्या गांवाचा कारभार पाहूं. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां पाणवठ्यांची स्वच्छता-पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड मिळतें. हिरवें कार्ड मिळालें कीं सत्कार होतो. सत्काराला माझी हरकत नाहीं. पण हें कार्ड सांगतें काय, तें समजून घ्या. विहिरीला कठडा आहे काय, नळाला गळती आहे काय, जवळ उकिरडा आहे काय, टी. सी. एल. पावडरीचा साठा आहे काय, अशा गोष्टी तें पाहतें. तें धोक्याचें कार्ड आहे, पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. हिरवें कार्ड असलेल्या गांवच्या पाण्यांतहि नायट्रेट असूं शकतें, कारण युरिया आणि संडासाचा शोषखड्डा यांना कठडा अडवीत नाहीं.

दुसरी गोष्ट पावडरीची. आपला जलसुरक्षक गरीब माणूस. तुटपुंज्या मानधनावर टाकी भरतो, नळ सोडतो, पावडर टाकतो, ओ. टी. चांचणी करतो आणि वहींतहि तोच लिहितो. त्याला दोष देण्यास मी उभा नाहीं. पावडर संपली तर ती विकत आणण्याची सत्ता त्याच्या हातीं नाहीं; पण रकाना कोरा ठेवला तर बोलणीं त्यालाच बसतात. मग रकाना भरला जातो! दोष माणसाचा नाहीं, व्यवस्थेचा आहे. जो पाणी सोडतो त्यानेंच तपासावें आणि त्यानेंच आपणांस पास करावें, हें म्हणजे विद्यार्थ्यानें स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासण्यासारखें आहे. मी मास्तर आहें, अशा परीक्षेचा निकाल काय लागतो हें मी सांगावयास नको.

मायबहिणींनो, पावडरीचें शास्त्र अवघड नाहीं. उघड्या पोत्यांत, उन्हांत, ओलींत ठेवलेली पावडर मरते. तिच्यांतलें क्लोरीन उडून जातें आणि चुना तेवढा उरतो. बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा आणि वरची निवळी टाकींत ओतावी. त्यानंतर निदान अर्धा तास नळ सोडूं नये. आणि चांचणी टाकीखालीं न करतां शेवटच्या घराच्या नळाला करावी. नळींत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले कीं पिवळा रंग यावा. शेवटच्या घरीं रंग आला तर सर्व गांवाला आला. न आला, तर कोठें तरी नळ फुटला आहे आणि गटार आंत येत आहे, असें धरून शोध घ्यावा. गांवांत शेवटचें घर कोणाचें असतें, हें तुम्हांस ठाऊक आहे. तें नेहमीं गरिबाचेंच असतें. म्हणून तपासणी तेथूनच सुरू झाली पाहिजे.

पण क्लोरीन जंतु मारतें, दुसरें कांहीं नाहीं. फ्लोराइड, नायट्रेट आणि खार यांना तें शिवतहि नाहीं. पाणी उकळलें तर नायट्रेट उलट दाट होतें. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कांहीं गांवीं फ्लोराइडानें मुलांचे दांत पिवळे-काळे पडतात, मोठ्यांचीं हाडें वांकतात. ही गोष्ट डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाहीं. ती प्रयोगशाळेलाच कळते. म्हणून वर्षांतून एकदां रासायनिक आणि पावसाळ्याच्या आधीं व नंतर जंतूंची, अशी तपासणी प्रत्येक पाणवठ्याची व्हावी, असा जलजीवन मिशनचा दंडक आहे. गांवांतल्या पांच बायांना शिकवून त्यांच्या हातीं तपासणीची पेटी द्यावी, असेंहि त्यांत म्हटलें आहे. त्या पेटीबरोबर जंतुपरीक्षेची बाटली असते. तींत पाणी भरून ठेवलें आणि एक-दोन दिवसांत काळें पडलें, तर पाणी दूषित समजावें. काळें कीं पांढरें हें ओळखावयास इंग्रजी यावें लागत नाहीं.

कोणी म्हणतील, तपासणी करून लाल निघालें तर गांवाची बदनामी होईल, पोरींचीं लग्नें अडतील. बाबांनो, ताप मोजल्यानें ताप येत नाहीं! कोणी म्हणतील, आमचा बाप हेंच पाणी पिऊन ऐंशी वर्षें जगला. जगला खरा, पण त्याचीं किती भावंडें पाळण्यांतच गेलीं, तेंहि त्या घरच्या म्हातारीला विचारा.

म्हणून ग्रामसभेंत चार मागण्या मांडाव्या. पहिली, प्रयोगशाळेचा प्रत्येक अहवाल आल्यापासून आठ दिवसांत मराठींत, आंकडा आणि त्याची मर्यादा शेजारीं-शेजारीं लिहून, पंचायतीच्या आणि शाळेच्या फळ्यावर लागावा. दुसरी, जलसुरक्षकानें पाणी सोडावें आणि पेटी शिकलेल्या बायांनीं तपासावें; वहीवर दोघांच्याहि सह्या असाव्या. तिसरी, अहवाल वाईट आला तर पाणी बंद कोणीं करावयाचें, टँकर कोणीं मागवावयाचा आणि पुन्हां नमुना कोणत्या दिवशीं घ्यावयाचा, हें आजच ठरवून ठेवावें. चौथी, पावडरीचा खर्च अंदाजपत्रकांत निराळा धरावा आणि साठा संपण्यापूर्वीं मागणी जावी. भाऊसाहेब अहवाल देत नसतील तर २००५ चा माहितीचा कायदा आहे; साध्या कागदावर अर्ज करा, लिहून द्यावयास मी बसतों.

शाळेकडून मी एक काम पत्करतों. रोग दवाखान्याच्या वहींत येण्यापूर्वीं तो शाळेच्या हजेरींत दिसतो. एका आळीचीं तीन पोरें एकाच दिवशीं जुलाबानें गैरहजर राहिलीं, तर त्याच दिवशीं मी आशाताईंस व पाणी तपासणाऱ्या बायांस चिठ्ठी पाठवीन. चिठ्ठी मिळतांच त्या आळीच्या शेवटच्या नळाचें पाणी तपासावयाचें, एवढें तुम्ही पत्करा.

पाणी द्या, असें आपण फार वर्षें म्हणत आलों. आतां, पाणी दाखवा, असें म्हणावयास शिका. ज्या पांच बहिणींस हें काम करावयाचें असेल, त्यांनीं आपलीं नांवें सभा उठण्यापूर्वीं माझ्याकडे लिहून द्यावीं.