हळदीची ऑर्डर, घरची बिअर आणि कलम १२

आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. टेंभी नाक्याजवळ राहणारा एक श्रोता लिहितो, नाव अर्थातच सांगणार नाही: "दादा, मी घरी छंद म्हणून बिअर बनवतो. यूट्यूब बघून शिकलो, आता बरी जमते. चुलतभावाच्या मित्राची हळद आहे, त्याने चाळीस लिटर बनवून मागितली आहे. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं सामान तो आणणार, मला फक्त मजुरी देणार. म्हणजे मी बिअर विकत नाहीये, मेहनतीचे पैसे घेतोय. हे चालतं ना?"

नाही, भावा. चालत नाही. आणि गंमत म्हणजे तू ज्या पैशांची काळजी करतोयस, तो इथला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पातेल्यापाशीच सुरू होतो.

आपल्याकडे लागू आहे तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. हो, दारूबंदी! गल्लीगल्लीत वाइन शॉप आहे आणि कायद्याचं नाव दारूबंदी. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते तेव्हाचा हा कायदा. राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातनेही हाच घेतला. म्हणजे सुरतेत आणि ठाण्यात मुळात एकच कायदा आहे. फरक एवढाच की आपण साठच्या दशकापासून परवान्यांची दारं उघडत गेलो, त्यांनी बहुतेक बंदच ठेवली. त्यामुळे महाराष्ट्रात दारूच्या बाबतीत नियम असा की सगळं मना आहे, परवाना असेल तेवढंच चालतं. आपण उलटं समजतो, की सगळं चालतं, फक्त काही गोष्टी मना आहेत.

आता कलम १२ बघा. परवान्याशिवाय दारू बनवायची नाही, ब्रुअरी चालवायची नाही, दारू जवळ बाळगायची नाही, तिची ने-आण करायची नाही, विकायची नाही आणि विकत घ्यायचीही नाही. 'दारू' या शब्दाच्या व्याख्येत बिअर, वाइन, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात. 'बनवणे' म्हणजे नैसर्गिक असो की कृत्रिम, कुठल्याही प्रक्रियेने बनवणे. यीस्टने केलं, मी नाही केलं, हेही चालणार नाही! पुढचं कलम १३ तर बनवायचं सामान आणि भांडी त्या कामासाठी ठेवायलाही मना करतं.

यात कुठेही 'स्वतःपुरती', 'छंद म्हणून', 'पाच लिटरपर्यंत' असं काही सापडणार नाही. मी शोधलं.

मग मजुरीचा मुद्दा. सामान त्याचं, हात माझे, हे ऐकायला शिंप्यासारखं वाटतं. कापड तुमचं, शिलाई माझी. पण शर्ट शिवायला परवाना लागत नाही, बिअर बनवायला लागतो. बनवणं हाच गुन्हा असेल, तर त्या पैशाला मजुरी म्हणा, बक्षीस म्हणा, आहेर म्हणा, काय फरक पडतो? उलट जीपेवर 'बिअर ॲडव्हान्स' असं लिहून आलेली रक्कम म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा. आणि तो नवरदेव? 'विकत घेणे' हेही त्याच कलमात आहे, हे विसरू नका.

एक अजून. कलम १०३. बेकायदा दारू किंवा ती बनवायची भांडी तुमच्याकडे सापडली आणि ती का आहेत याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही, तर गुन्हा झाला असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तसं नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. टेंभी नाक्यावरून कोर्ट नाका पायी जाण्याइतका जवळ आहे आणि ठाण्याचं जेलही तिथून लांब नाही, पण ती चाल आपल्याला नको.

"पण माझ्याकडे लाइफटाइम परमिट आहे!" हे कमेंटमध्ये येणारच. ते परमिट विकत घ्यायचं, बाळगायचं आणि प्यायचं. बनवायचं नाही. हळदीसाठी एक दिवसाचा परवाना मिळतो, तोही परवानाधारक दुकानातून घेतलेली दारू पाजण्यासाठी. आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर 'होममेड बिअर, ऑर्डर घेतो' असं टाकणारे आहेत, त्यांनी कलम २४ वाचावं. ते दारूच्या जाहिरातीबद्दल आहे.

आता मला जे खरंच खटकतं ते. हा कायदा हातभट्टी डोळ्यासमोर ठेवून वापरला जातो. दिवा, मुंब्र्याच्या खाडीकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या धाडी पडतात, रसायनाचे पिंप फोडतात, ते फोटो आपण पाहिलेत. त्यामागे कारण आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल हे औद्योगिक रसायन, ते दारूत मिसळलं जातं. बार्लीचं माल्ट पासष्ट-सदुसष्ट अंश गरम पाण्यात भिजवून, तासभर हॉप्ससोबत उकळून, थंड करून यीस्ट टाकलं तर असं विष तयार होत नाही. बिघडलीच तर बिअर आंबट होते, नाहीतर जास्त साखर पडून बाटली फुटते. फुटलेली काच हाही धोकाच आहे, पण मालवणी नव्हे. कायद्याला मात्र दोन्ही पातेली सारखीच. धाड टाकणारा इन्स्पेक्टर केमिस्ट नसतो आणि त्याने असावं अशी अपेक्षाही नाही.

अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात सूट मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. म्हणजे साधारण ३७८ आणि ७५७ लिटर. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडलं. आणि नीट ऐका: तिथेही ही बिअर विकता येत नाही. कुटुंबासाठी बनवा, मित्रांना पाजा, पैसे घेतले की परवाना लागतो. म्हणजे आपला श्रोता तिथे असता तर त्याचा छंद वाचला असता, ऑर्डर नसती वाचली.

माझं मत विचाराल तर अशी छोटी सूट आपल्याकडेही असावी. लिटरची मर्यादा घाला, विक्री बंद ठेवा. दारू हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणजे हे दिल्लीत नाही, मंत्रालयात ठरतं. पण कोर्टातून हे मिळेल अशी आशा ठेवू नका. १९५१ च्या बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने या कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला, आणि १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं.

मग हात शिवशिवत असतील तर करायचं काय? परवाना असलेल्या जागी जाऊन बनवा. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्या राज्यात मायक्रोब्रुअरी वाढल्यात. आणि लांब कशाला, गेटवे ब्रुइंगची बिअर आपल्या डोंबिवलीत बनते! अशा ठिकाणी नोकरी करा, रेसिपी त्यांना द्या, तिचे पैसे घ्या. बॅच त्यांच्या टाकीत, त्यांच्या परवान्यावर शिजेल.

तर मित्रा, त्या नवरदेवाला आजच फोन कर. हळद आहे, तारीख जवळ आहे, त्याला दुकानातून आणायला वेळ मिळू दे. ॲडव्हान्स आला असेल तर परत पाठव. आणि ते सामान त्यालाच ठेवू दे म्हणणार होतो, पण तेही नको. माल्टची भाकरी छान होते.