काट्यापासून पावतीपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गळीत हंगामात रात्रीच्या वेळी नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला निघालं, की उसाच्या ट्रॉल्या हमखास भेटतात. त्यांतली एखादी ट्रॉली कारखान्याच्या गेटवर पोचते, रांगेत उभी राहते आणि शेवटी काट्यावर चढते. त्या क्षणी ट्रॅक्टरवाल्याची आणि सोबत आलेल्या शेतकऱ्याची नजर एकाच ठिकाणी असते, काट्याच्या आकड्यावर. वर्षभराची मेहनत त्या पाच आकड्यांत उतरणार असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं उसाला ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. म्हणजे एका खेपेत क्विंटलभर वजन इकडचं तिकडे झालं, तर तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे तेवढे पैसे गेले. ‘काटामारी’ हा शब्द आपल्याकडे उगाच तयार झालेला नाही.

पण आज मी लबाडीविषयी बोलणार नाही. कुणाच्याही मनात पाप नसताना आकडा कसा चुकू शकतो, ते सांगणार आहे.

काट्याच्या लोखंडी पाटाखाली लोड सेल असतात. वजन पडलं की त्यांतलं पोलाद अगदी किंचित दबतं, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध बदलतो आणि केबिनमधला इंडिकेटर त्या बदलाचा आकडा करून दाखवतो. इथपर्यंतचं काम वैधमापन विभागाचे अधिकारी प्रमाणित वजनं ठेवून तपासतात आणि सील लावतात. मात्र शेतकऱ्याची पावती इंडिकेटर छापत नाही, संगणक छापतो. इंडिकेटरपासून संगणकापर्यंत एक तार जाते आणि घोटाळा होतो तो बहुतेक वेळा या तारेत.

ही तार ज्या पद्धतीनं बोलते तिचं नाव आरएस-२३२. तिचं मानक अमेरिकेत १९६० साली आलं. एका टोकाला एक यंत्र, दुसऱ्या टोकाला दुसरं, आणि मधून एकामागोमाग एक अक्षर. सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरला तर एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पद्धत साधी आहे, पक्की आहे, म्हणून आजही बहुतेक इंडिकेटरच्या पाठीमागे तिचा नऊ टाचण्यांचा सॉकेट दिसतो. तिची अडचण अंतराची. पंधरा मीटरच्या पुढे तिचा भरवसा धरू नये.

दुसरीकडे कार्यालयातले संगणक इथरनेटवर बोलतात. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्यावर काम सुरू केलं. आरएस-२३२ म्हणजे दोन शेजाऱ्यांनी कुंपणावरून मारलेल्या गप्पा. कोण कुणाशी बोलतंय हे सांगावं लागत नाही. इथरनेट म्हणजे टपाल. प्रत्येक मजकूर पाकिटात घालायचा, त्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहायचा, मग एकाच रस्त्यावरून शंभर जणांची पाकिटं जाऊ शकतात.

या दोघांची गाठ घालून देणारी एक छोटी डबी मिळते, सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर. एका बाजूनं इंडिकेटरची तार आत येते, दुसऱ्या बाजूनं नेटवर्कची केबल बाहेर जाते. कन्व्हर्टर आलेली अक्षरं गोळा करतो आणि पाकिटात घालून पाठवतो. त्याला वजन म्हणजे काय ते कळत नाही. टपालवाल्यानं पत्र वाचू नये, तसंच आहे हे.

नांदेड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी हे काम केलं. काटा गेटवर, कार्यालय तीन-चारशे मीटर आत. पूर्वी संगणक काट्याच्या केबिनमध्येच होता. आता प्रत्येक वजन थेट कार्यालयात हवं होतं. इथरनेटची तांब्याची केबल एका दमात शंभर मीटरच जाते, म्हणून मधलं अंतर आम्ही ऑप्टिकल फायबरनं जोडलं. केबिनमध्ये कन्व्हर्टर बसवला. तासाभरात कार्यालयातल्या पडद्यावर आकडे दिसू लागले आणि चहा आला. काम संपलं, असं मला वाटलं.

पहिली चूक दुसऱ्या दिवशी दिसली. मधूनच एखादा आकडा अर्धवट यायचा. १८४५० किलोच्या जागी ८४५०. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. अक्षरांचा ओघ सुरू असताना वाक्य कुठं संपलं, हे कन्व्हर्टरला सांगावं लागतं. ते आम्ही सांगितलंच नव्हतं. तो अक्षरांच्या मधल्या क्षणभराच्या शांततेवरून अंदाज बांधायचा आणि कधी कधी पाकीट वाक्याच्या मध्येच बंद करायचा. एका पाकिटात ‘१’, पुढच्या पाकिटात ‘८४५०’. आमचा प्रोग्राम प्रत्येक पाकीट म्हणजे पूर्ण वजन असं धरून चालला होता. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत थांब, असं कन्व्हर्टरलाही सांगितलं आणि प्रोग्रामलाही. तेव्हा ते थांबलं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही. ती एका ट्रॅक्टरवाल्यानं पकडली. पावती हातात घेऊन तो केबिनच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “साहेब, बाहेर पाटीवर येगळा आकडा हाय अन् ह्याच्यावर येगळा. असं कसं?”

तो म्हणत होता ते खरं होतं. उंदरानं इंडिकेटर आणि कन्व्हर्टर यांच्यामधली तार कुरतडली होती. नवा आकडा येणं बंद झालं होतं, पण प्रोग्राम शेवटचा आकडा तसाच धरून बसला होता. पावती छापली गेली ती आधीच्या गाडीच्या वजनाची. क्लार्कची काही चूक नव्हती. पडद्यावर आकडा होता, त्यानं बटण दाबलं. चूक होती आमची, जोडणाऱ्यांची. ती उघड झाली कारण काट्याबाहेरची मोठी पाटी थेट इंडिकेटरला जोडलेली होती. संगणकाला जोडली असती, तर तिनंही तोच शिळा आकडा दाखवला असता आणि कुणालाच काही कळलं नसतं.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो. दोन सेकंदांत नवं वाक्य आलं नाही, तर पडद्यावरचा आकडा पुसला गेला पाहिजे. रिकामा पडदा चालेल, शिळा आकडा चालणार नाही. बरेच इंडिकेटर आकड्यासोबत वजन स्थिर आहे की हलतंय याचीही खूण पाठवतात. ती वाचल्याशिवाय पावती निघू नये. दोन गाड्यांच्या मध्ये काटा शून्यावर आल्याची नोंद झाली पाहिजे. आणि बाहेरची पाटी इंडिकेटरलाच जोडलेली हवी.

कारखान्याच्या आत गेलं की तिसरी भाषा भेटते, आरएस-४८५. दोन तारांची जोडी, बाराशे मीटरपर्यंतचा पल्ला, आणि एकाच जोडीवर अनेक मीटर. त्यावर बहुधा १९७९ साली आलेली मॉडबस ही बोलीभाषा चालते. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी आपला नंबर आला की उत्तर द्यायचं. ही जोडी इथरनेटला जोडली, की एकाऐवजी पाच संगणक एकदम विचारू लागतात. मधल्या गेटवेला मग सगळ्यांना रांगेत उभं करावं लागतं, आणि उत्तराला उशीर झाला म्हणजे मीटर बिघडला असं नव्हे, हे प्रोग्रामला सांगून ठेवावं लागतं. मॉडबस जन्मली तेव्हा तिला पासवर्ड माहीत नव्हता. म्हणून अशी यंत्रं थेट इंटरनेटवर कधीही सोडू नयेत.

आपल्या मराठवाड्याची एक खास अडचण आहे, वळवाचा पाऊस आणि विजा. गेटवरची केबिन आणि कार्यालय वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असतात. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो. तांब्याची लांब तार असली, तर तो फरक तिच्यातून वाहू लागतो आणि यंत्रांचे पोर्ट जळतात. फायबरमधून वीज वाहत नाही, प्रकाश जातो. तिचा खर्च जास्त वाटतो, पण एका वादळात तो वसूल होतो.

हे फक्त उसापुरतं नाही. लातूरच्या आडत बाजारातलं सोयाबीन, डाळ मिलमधली तूर, पाण्याच्या टाकीची पातळी, सगळीकडे जुनं यंत्र नव्या नेटवर्कला जोडलं जातंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. ज्या गावानं ते दिवस पाहिले, तिथं टाकीची पातळी सांगणारा आकडा शिळा असून कसं चालेल?

आयटीआय आणि तंत्रनिकेतनातून शिकून या कामात येणाऱ्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे. पडद्यावर आकडा दिसला म्हणून काम संपलं, असं समजू नका. तार उपटून बघा. तेव्हा पडदा काय दाखवतो, त्यावरून तुमचं काम ठरतं. आणि शेतकरी बांधवांनो, पावती खिशात घालण्याआधी एकदा बाहेरच्या पाटीकडे बघा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर गाडी काट्यावरून हलवू नका. विचारा. त्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, म्हणून मला माझी चूक कळली.