भोपाळचे ध्रुपद केंद्र

राजाश्रय सरल्यावर ध्रुपदविद्या कोणी सांभाळावी? या प्रश्नाचे एक उत्तर भोपाळात १९८१ साली ध्रुपद केंद्राच्या रूपाने मिळाले. गुरुपदी उस्ताद झिया फरिदुद्दीन डागर. शिष्यवृत्ती शासनाची, शिक्षण मात्र गुरुकुलाचे. पाठशाळेतील संथेप्रमाणे गुरुमुखातील स्वर शिष्याने जसाच्या तसा उचलावयाचा, पहाटे खर्जसाधना. ध्रुपदपरंपरेत वर्षाकाळी मल्हार आळवावा, फाल्गुनात १४ मात्रांच्या धमारात होरी रंगावी. ऋतू असा कंठात उतरतो. मुसलमान गुरूने शिव-कृष्णाची पदे शिकवावीत, याचे डागर घराण्यास कधी नवल वाटले नाही. ते वाटते आपणांस! उस्ताद २०१३ साली निवर्तले. तत्पूर्वीच त्यांचे शिष्य, उज्जैनचे उदय भवाळकर, पुण्यात राहून तीच विद्या मराठी मुलांना देऊ लागले होते.