चौकोन कोणी आखला?



भौगोलिक माहितीशास्त्राचा अभ्यास विद्यापीठात बहुधा संगणकापासून सुरू होतो. नकाशाचे थर एकावर एक कसे ठेवायचे, अंतरे कशी काढायची, हे शिकावेच लागते. पण माझ्या मते या शास्त्राचा पहिला धडा त्याच्याही आधी येतो. भूभाग मोजताना आपण जो तुकडा एकक म्हणून धरतो, त्यावर उत्तर फिरते. म्हणून ते एकक का निवडले, हे सांगणे मोजणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आपल्या सह्याद्रीकडेच पाहा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ साली अहवाल दिला. त्यांनी पश्चिम घाटावर साधारण नऊ किलोमीटर लांब-रुंद चौकोनांची जाळी टाकली आणि जैवविविधता, उंची, उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले. ८१ चौरस किलोमीटरांच्या अशा चौकोनात देवराई, भातखाचरे, दगडखाण आणि बाजारपेठ एकत्र येऊ शकतात, आणि गुण मात्र सगळ्यांना मिळून एकच. २०१३ साली याच घाटाचा पुन्हा विचार करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीने २४ मीटर तपशिलाची उपग्रहचित्रे वापरली व सुमारे ३७ टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले. दोन्ही अहवालांचे निकष वेगळे होते, घाटाची हद्दही वेगळी होती: पहिल्यात सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, दुसऱ्यात १ लाख ६४ हजार. तेव्हा दोघांच्या निष्कर्षांतला सारा फरक चौकोनाच्या माथी मारता येणार नाही. तरी कशाच्या किती टक्के, हेसुद्धा आधी आखलेल्या रेषेवरच ठरते, एवढे यातून दिसते.

यावर कोणी म्हणेल, चित्रे बारीक झाली की प्रश्न मिटेल. गाडगीळांच्या एका चौकोनात २४ मीटरचे सुमारे १ लाख ४० हजार चौकोन बसतात, हे खरे. पण निर्णय त्या ठिपक्यांवर होत नाही, गावावर होतो. ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील, ते सबंध गाव यादीत, असा दुसऱ्या समितीचा नियम होता. म्हणजे २१ टक्क्यांचे गाव आत आणि १९ टक्क्यांचे बाहेर. बारीक चित्रांवर पुन्हा जाडी रेघ आलीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एककाबरोबर उत्तर बदलत असेल, तर नकाशावर विश्वास का ठेवावा? ओपनशॉ आणि टेलर या भूगोलतज्ज्ञांनी १९७९ साली अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ काउंट्यांची निरनिराळी गटवारी करून दाखवले, की वृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मते यांचा संबंध त्याच आकड्यांतून जवळजवळ पूर्ण उलटाही निघतो आणि पूर्ण सुलटाही. पण ही लबाडी पकडली गेली ती याच शास्त्राच्या पद्धतीने. तेच विश्लेषण चौकोनावर, गावावर, पाणलोटावर करून पाहावे. तिन्हींत टिकेल तो निष्कर्ष भरवशाचा, आणि जो एकातच दिसेल त्याच्याशेजारी तसे स्पष्ट लिहावे.

गाडगीळ गटानेही आपली जाळी अंतिम मानली नव्हती. शेवटची हद्द सूक्ष्म पाणलोट आणि गावशिवार पाहून, स्थानिकांना विचारून ठरावी, असे त्यांनी सुचवले होते. रेघ ज्याच्या शिवारातून जाते, त्याला ती कुठून आणि का गेली हे विचारता यावे, आणि नकाशा करणाऱ्याला त्याचे उत्तर देता यावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढे साधले, तर संगणकाची कळ तो पुढे सहज शिकेल.