ढाल आणि धाक



शिवछत्रपतींच्या राजगडाला तीन माच्या आहेत आणि मधोमध उंच बालेकिल्ला. माची पडली तरी बालेकिल्ला झुंजत राहावा, ही त्या बांधणीमागची दृष्टी. तट शत्रूला कायमचा थोपवीत नाही. तो शत्रूचे गणित चुकवितो. क्षेपणास्त्रविरोधी कवचाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

मे १९९८ मध्ये पोखरण येथे भारताने आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बलुचिस्तानात पाकिस्तानने अणुचाचण्या केल्या. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने आपले अण्वस्त्रधोरण घोषित केले. अण्वस्त्राचा प्रथम वापर भारत करणार नाही. मात्र तसा हल्ला झाल्यास प्रत्युत्तर शत्रूला असह्य होईल असेच असेल. पाकिस्तानने असे वचन कधीही दिलेले नाही. म्हणूनच पहिला घाव सोसून उभे राहण्याचे बळ नसेल, तर हे व्रत सद्गुणविकृती ठरेल.

या बळासाठीच कवचाचे प्रयत्न सुरू झाले. २७ नोव्हेंबर २००६ रोजी बंगालच्या उपसागरावर सुमारे ५० किलोमीटर उंचीवर, तर डिसेंबर २००७ मध्ये सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, लक्ष्य म्हणून सोडलेले क्षेपणास्त्र भारतीय शास्त्रज्ञांनी भेदले. बाहेरचा थर चुकला तर आतला सज्ज, अशी ही रचना.

तथापि हे कवच अभेद्य नव्हे. सीमेपलीकडून येणारे क्षेपणास्त्र काही मिनिटांतच येऊन ठेपते. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अनेक स्फोटकाग्रे वाहणाऱ्या 'अबाबील'ची चाचणी केल्याचा दावा केला. दहांपैकी नऊ अडविली, तरी उरलेले एक अख्खे महानगर बेचिराख करू शकते. प्रत्येक नगर वाचेलच, अशी हमी ढाल देऊ शकत नाही. निर्णय घेणारे नेतृत्व आणि प्रतिघाताची साधने वाचविणे, हे तिचे पहिले काम. खरे रक्षण धाकच करतो. २०१८ मध्ये 'अरिहंत' पाणबुडीने पूर्ण केलेली गस्त आणि ११ मार्च २०२४ रोजी अनेक स्फोटकाग्रांसह झालेली 'अग्नि-५'ची चाचणी, ही त्या धाकाची रूपे होत.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी भारतीय हवाई संरक्षणाने ड्रोन आणि क्षेपणास्त्रे अडविली. देशाला सार्थ अभिमान वाटला. परंतु ती पारंपरिक शस्त्रे होती. त्या यशावरून अणुयुद्धाच्या गप्पा सहज मारणे, हे शौर्य नव्हे. धाकाचे सार्थक शस्त्र न उगारताच शत्रूचा हात थांबविण्यात असते.

त्याच दिवसांत देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव योजले गेले. भोंगा वाजल्यावर कुठे जावे, जखमीला कसे उचलावे, अफवा कशी थोपवावी, हे किती घरांना ठाऊक आहे? सीमेवरची ढाल सैनिक आणि शास्त्रज्ञ सांभाळतील. घरातली माची मात्र ज्याची त्यानेच राखावयाची आहे.